म्हैस फाडली नाहीस, ते बरंच केलंस

सल्ला मागायला आलेलं पत्र थोडक्यात असं : सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली ही मुलगी पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. घरी पंढरपुरी म्हशी, दोन-चार शेळ्या आणि कोरडवाहू रान. 'नीट' ही प्रवेशपरीक्षा देऊन इथवर पोचलेली घरातली ती पहिलीच. सुरुवातीचे विषय निभले, पण पॅथॉलॉजी, म्हणजे रोगानं शरीरात काय बिघडतं ते शिकवणारा विषय, सुरू झाल्यापासून तिचं बिनसलंय. शवविच्छेदनाच्या दिवशी जेवण जात नाही, हॉलमध्ये पाय लटपटतात, मायक्रोस्कोपखालच्या सगळ्या स्लाइड सारख्याच गुलाबी-जांभळ्या दिसतात आणि रोगांची नावं घोकूनही पहिल्या चाचणीत जेमतेम गुण पडले. त्यात दिवाळीच्या सुट्टीत चुलत्यांची दुभती म्हैस रात्रीतून दगावली. संध्याकाळी तिनं वैरण नीट खाल्ली होती. सकाळी पोट टम्म फुगलेलं आणि नाकातून, शेपटीखालून काळपट रक्त. चुलते म्हणाले, "तू डॉक्टरकी शिकायलीस की, मग फाडून बघ की काय झालतं ते." ती मागे सरली. मग चार माणसांत ऐकावं लागलं, "एवढा पैसा घालून शिकायलीस तरी काय?" आजीचं याच्या उलट : "आपल्या घरातल्या पोरीनं मढ्याला हात लावायचा न्हाई." म्हैस ओढ्याकाठी पुरली. पत्राच्या शेवटी ती विचारते, "जनावरं वाचवायला आले आणि इथे मेलेली चिरतेय. मी या शिक्षणाच्या लायकीचीच नाही का? सोडून द्यावं, की पॅथॉलॉजी कशीबशी काढून पुन्हा तिचं तोंड बघू नये?"

तुझ्या प्रश्नांकडे येते, पण आधी ओढ्याकाठच्या त्या खड्ड्याचं बोलू. ते काम आजचं आहे. तुझ्या लायकीचा विचार आठवडाभर लांबला तरी कुणाचं काही अडणार नाही.

पत्रावरून निदान करू नये आणि मी करत नाही. रात्रीतून मेलेली म्हैस साप चावूनही मरते, घटसर्पानंही मरते. पण अचानक मृत्यू, भराभर फुगलेलं शरीर आणि नाकातोंडातून किंवा शेपटीखालून येणारं, न गोठणारं काळपट रक्त हे सगळं एकत्र दिसलं की पशुवैद्यकाच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते फाशीचं, म्हणजे अँथ्रॅक्सचं. माणसाला होतो तेव्हा त्यालाच आपण काळपुळी म्हणतो. आणि फाशीचा नुसता संशय असला तरी जनावर फाडायचं नसतं. जनावर बंद आहे तोवर आतले जिवाणू कुजण्यातच बहुतांशी मरून जातात. सुरी चालली, रक्ताला हवा लागली, की तेच जिवाणू बीजाणू बनवतात आणि हे बीजाणू मातीत कित्येक दशकं टिकतात. त्या सकाळी चुलत्यांच्या अंगणात पोट फाडलं असतं आणि रोग खरोखर फाशीचाच निघाला असता, तर ती जागा तुझ्या मुलांच्या काळातही गुरांना धोक्याची राहिली असती. शिवाय फाडणारीच्या हाताला काळपुळी होण्याचा धोका होताच.

अशा वेळी पशुवैद्यक काय करतो ते लक्षात ठेव, परीक्षेला नाही तरी गावाला उपयोगी पडेल. कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा, टोचलेल्या जागी जंतुनाशकाचा बोळा दाबून धरायचा, बस. पॉलिक्रोम मिथिलिन ब्लूनं रंगवल्यावर चौकोनी टोकांचे निळे दांडके आणि त्यांच्याभोवती गुलाबी कड दिसली, की उत्तर मिळालं. अख्खी म्हैस उघडून जे कळायचं ते एका थेंबात कळतं.

आता दिवाळीला काही आठवडे झालेत. घाबरून जाण्यासारखं नाही, पण कळवायची वेळही गेलेली नाही. चुलत्यांना सांगून गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नाहीतर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर हकीकत जशी घडली तशी सांगा. म्हैस कुठे पुरली ती जागा दाखवा. तिथे काटेरी कुंपण घाला, गुरं चारू नका, उकरू नका. ओढ्याला पूर येत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. गोठ्यातल्या बाकीच्या जनावरांना लस द्यायची की नाही ते ते ठरवतील. पुरण्याआधी कुणी कातडं काढलं होतं का, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. काढलं असेल तर त्या माणसाच्या हातावर न दुखणारी, मधे काळी खपली धरलेली पुळी आली होती का, ताप आला होता का, हे विचार. आला असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन म्हशीची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगायला लाव. नुसती "फोड आली" म्हटलं तर कुणाच्या डोक्यात हा रोग येणार नाही. अशा रोगाची खबर देणं २००९ च्या केंद्रीय कायद्यानं मालकाला बंधनकारक आहे. चुलत्यांनी ऐकलं नाही तर हे वाक्य वापर, नाहीतर ठेवून दे.

आता तुझ्याकडे येते. खरं सांग, त्या सकाळी तू मागे सरलीस ती हे सगळं आठवून, की पाय लटपटले म्हणून?

पत्राच्या सुरावरून वाटतं, पाय लटपटले म्हणून. त्यात लाजण्यासारखं काही नाही. निर्णय बरोबर होता, फक्त कारण तुझ्या हाताशी नव्हतं. कारण हाताशी असतं तर "मला जमणार नाही" याऐवजी "याला हात कुणीच लावायचा नाही, आधी रक्ताचा थेंब तपासू" असं तू म्हणाली असतीस आणि चुलते गप्प बसले असते. या दोन वाक्यांमधलं अंतर म्हणजेच पॅथॉलॉजी. तुला वाटतं की हा विषय चिरायला शिकवतो. तो आधी कधी चिरायचं आणि कधी नाही ते शिकवतो, चिरणं त्यानंतर येतं. चुलत्यांनी धरून चाललं की खरा डॉक्टर फाडतो. आजीनं धरून चाललं की चांगल्या घरची मुलगी फाडत नाही. आणि तू बिचारी एकाच वेळी दोघांचंही खरं मानून बसलीस.

तुझं दुसरं गृहीत यापेक्षा खोल आहे : जनावरं वाचवायला आले आणि इथे मेलेली चिरतेय. जणू वाचवणारे वेगळे आणि चिरणारे वेगळे. माणसांच्या डॉक्टरांत असं काही प्रमाणात चालतं, आपल्यात नाही. आपला रुग्ण बहुतेक वेळा एकटा नसतो. त्याच्यामागे गोठा असतो, खांड असतं, कुक्कुटपालनाची शेड असते. एक मेलं की मालकाचा खरा प्रश्न "हे का मेलं" एवढाच नसतो, "आता पुढचं कोणतं" हा असतो. त्याचं उत्तर मेलेल्याकडेच असतं, कारण जिवंत जनावर बोलत नाही आणि मेलेलं लपवत नाही.

मंगळवेढ्याकडच्या एका वस्तीवरची गोष्ट सांगते. मालदांडी काढून झाली होती, मधेच अवकाळी पाऊस झाला आणि बुडख्यांना कोवळे फुटवे आले. हिरवं दिसलं म्हणून मालकानं गुरं सोडली. तासाभरात दोन गायी आडव्या. मालकाला वाटत होतं कुणीतरी विष घातलं. भावकीत वाद होताच, काठ्याही निघाल्या होत्या. ताजी मेलेली गाय उघडली तर रक्त लालभडक, रोजच्या शिरेतल्या रक्तासारखं काळसर नाहीच. कोठीपोटात, म्हणजे गुराच्या पहिल्या मोठ्या पोटात, वरच्या वर अजून न चघळलेली ज्वारीची कोवळी पानं. किराळ. कोवळ्या ज्वारीतून सायनाइड तयार होतं, पेशींना रक्तातला प्राणवायू वापरता येत नाही, म्हणून तो रक्तातच राहतो आणि रक्त लाल दिसतं. हेच नायट्रेटची विषबाधा असती तर रक्त चॉकलेटी तपकिरी दिसलं असतं आणि औषध वेगळं द्यावं लागलं असतं. थरथर कापणाऱ्या तिसऱ्या गायीला सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेट शिरेतून गेलं, बाकीची गुरं रानातून बाहेर काढली, आणि काठ्या जिथल्या तिथे ठेवल्या गेल्या. त्या दिवशी कुठली गाय वाचवली गेली आणि कुठली चिरली गेली, याची विभागणी तू कशी करणार?

अशी उदाहरणं तुला पुढे रोज दिसतील. महिनाभर रोडावत गेलेली म्हैस; उघडली तर जाळीपोटातून, म्हणजे दुसऱ्या पोटातून, निघालेली तार पडदा भेदून हृदयाच्या आवरणात शिरलेली, हृदयाभोवती घाण वासाचं पाणी आणि जाड पिवळा चिकट थर. तार कुठली, तर कडब्याच्या पेंढीसोबत कुट्टी मशीनमध्ये गेलेली. पुढचा सल्ला सोपा आहे : पेंढ्या तारेनं बांधू नका, कुट्टीच्या तोंडाशी लोहचुंबक लावा. किंवा नान्नजच्या माळरानाकडचा धनगर येतो, लांडग्यानं मेंढ्या मारल्या म्हणतो, वनखात्याची भरपाई हवी असते. मानेवरचं कातडं सोलून बघायचं. दातांच्या खुणांखाली मांसात रक्त मुरलेलं असेल तर चावा जिवंतपणीचा. खाली कोरडं असेल तर मेंढी आधीच कशानं तरी मेली होती आणि नंतर कुणीतरी तिला खाल्लं. मग प्रश्न लांडग्याचा उरत नाही. आंत्रविषार आहे का, पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग आहे का, आणि राहिलेल्या खांडाला लस कधी दिली होती, हे विचारावं लागतं.

आणि गिधाडं. आपल्या लहानपणी, म्हणजे माझ्या, गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की गिधाडांची झुंबड उडायची. तू बहुधा पाहिलीच नसतील. नव्वदच्या दशकापासून भारतातली गिधाडं नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. कुणी म्हणालं कीटकनाशक, कुणी म्हणालं विषाणू. उलगडा झाला तो मेलेल्या गिधाडांची पोटं उघडून : काळजावर म्हणजे यकृतावर, हृदयावर, मूत्रपिंडावर खडूची पूड पसरावी तसे पांढरे थर. ते युरिक आम्लाचे क्षार होते. मूत्रपिंड बंद पडल्याशिवाय ते असे साचत नाहीत. तिथून माग काढत संशोधक गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकापर्यंत पोचले. पाकिस्तानातलं ते संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झालं आणि २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. ते इंजेक्शन देणारे सगळे जिवंत जनावरांवर उपचार करणारे, दयाळू डॉक्टरच होते. चूक सापडली ती मढी उघडणाऱ्यांना.

बरं, मन वळलं तरी गुण कसे वळवायचे? तू नावं घोकतेस. थांबव. पॅथॉलॉजीच्या पुस्तकात रोग शेकड्यांनी आहेत, पण इजेला उत्तर द्यायच्या शरीराच्या रीती मोजक्याच आहेत. पेशी आजारी पडते, मरते, रक्त तुंबतं, गळतं, गोठतं, सूज येते, ऊती वाढते, आकसते किंवा बेलगाम होते. यातल्या निम्म्या रीती तुला कॉलेजात येण्याआधीपासून माहीत आहेत. दगडी झालेली कास तू लहानपणी हात लावून ओळखली असशील : एक सड गरम, लाल, टणक, आणि म्हैस लाथ मारते. लाली, फुगवटा, उष्णता, वेदना ही दाहाची चार लक्षणं सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं पहिल्या शतकात लिहून ठेवली. दूध आटतं किंवा गुठळ्या येतात ते पाचवं, कार्य बिघडणं. तुझ्या चाचणीत दाहाची लक्षणं विचारली असतील तर ती तुला गोठ्यात आठवायला हवी होती. पुस्तकात शोधलीस म्हणून सापडली नाहीत.

मग वर्णन. बहुतेक मुलं काळीज हातात आलं की थेट रोगाचं नाव सांगायची घाई करतात आणि तिथेच फसतात. आधी जे दिसतं ते बोल, आणि सुरुवातीला चक्क मराठीत बोल. केवढं आहे, कडा धारदार की बोथट, रंग कसा, हाताला मऊ की चिवट, कापल्यावर आत काय, बदल एकाच जागी की सगळीकडे विखुरलेला. "काळीज सुजलंय, कडा गोल झाल्यात, कापल्यावर जायफळासारखी तांबडी-पिवळट नक्षी आहे." एवढं बोललीस की रक्त बराच काळ तुंबलेलं आहे हे तुझं तुलाच सुचेल आणि तू हृदयाकडे वळशील. इंग्रजी नावं मागून चिकटतात. सर हसले तर हसू देत. चांगले सर हसत नाहीत.

सोलापूरच्या मुलीला आणखी एक गोष्ट इतरांपेक्षा आधी शिकावी लागते : रोग कोणता आणि कुजणं कोणतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि गुराच्या कोठीपोटातली भट्टी मेल्यावरही चालूच राहते. दुपारी मेलेली म्हैस संध्याकाळपर्यंत आतून मऊ पडते, आतड्यांना टेकलेल्या काळजावर हिरवट-काळे डाग येतात, पित्ताशयाशेजारची जागा पिवळी पडते. यातलं काहीही रोग नाही. फुगण्याचंही तसंच. मेल्यावर प्रत्येक म्हैस फुगते. ती पोटफुगीनंच मेली का, हे बघायला अन्ननलिका लांबीनं उघड. मानेतला भाग रक्तानं लालसर आणि छातीतला भाग फिका, मधे ठळक रेघ, असं असेल तर जिवंतपणी पोटातल्या वायूचा दाब छातीवर आला होता. रेघ नसेल तर घाईनं पोटफुगी लिहू नकोस. ही रेघ एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीस की कुठल्याही पुस्तकात पुन्हा वाचावी लागणार नाही.

स्लाइड गुलाबी-जांभळ्या दिसतात अशी तक्रार आहे. त्या तशाच असतात गं. हिमॅटॉक्सिलिन पेशीकेंद्रं निळी-जांभळी करतं, इओसिन बाकी सगळं गुलाबी. रंगात काही शोधू नकोस, मांडणीत शोध. स्लाइड आधी नुसत्या डोळ्यांनी उजेडात धर, मग सगळ्यात कमी शक्तीच्या भिंगाखाली, आणि अवयव कोणता हे ठरेपर्यंत पुढचं भिंग फिरवायचं नाही. निरोगी मूत्रपिंड कसं दिसतं हे पक्कं नसेल तर आजारी मूत्रपिंडात काय शोधणार? पहिल्या वर्षाची हिस्टॉलॉजीची, म्हणजे निरोगी ऊतींच्या रचनेची, वही बाहेर काढ. निळी आणि गुलाबी पेन्सिल घेऊन रोज एक आकृती, वाईट आली तरी चालेल. रॉबर्ट कॉखनं १८७६ मध्ये फाशीचा जिवाणू रोग घडवतो हे सिद्ध केलं तेव्हा तो कुठल्या विद्यापीठात नव्हता. लहान गावातला सरकारी डॉक्टर होता आणि घरातच मायक्रोस्कोप मांडून बसायचा. सांगायचा मुद्दा, नजर सरावानं बसते.

नमुन्यांचंही आत्ताच शीक, कारण नोकरीत लागल्यावर कुणी शिकवत नाही. सूक्ष्मदर्शीसाठीचा तुकडा एक सेंटिमीटरहून जाड नको आणि त्याच्या दहापट १० टक्के फॉर्मॅलिन हवं. अख्खं काळीज बरणीत कोंबून पाठवलं की बाहेरून टिकतं, आतून कुजतं. जिवाणू वाढवून बघायचे असतील तर तो नमुना फॉर्मॅलिनमध्ये चुकूनही नाही, बर्फावर. पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे गेलेला नमुना निकामी ठरला तर दोष तिथल्या माणसाचा नसतो.

पाय लटपटण्याबद्दल. त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, त्या सुट्या करून बघ. किळस असेल तर ती बहुतांशी वासाची असते, आणि नाक काही मिनिटांत वासाला सरावतं. दारात उभं राहून आत-बाहेर केलंस तर मात्र दर वेळी नव्यानं वास येतो. उपाशीपोटी जाऊ नकोस, थोडी भाकरी खाऊन जा. गुडघे ताठ करून एका जागी उभी राहू नकोस, चक्कर त्यानंही येते. पहिले काही दिवस नोंदी लिहिण्याचं काम मागून घे. लिहिणारीला सगळं नीट बघावं लागतं आणि हात मोकळे नसतात. मग एकच अवयव मागून घे. दुसरी गोष्ट, दुःख. गोठ्यात वाढलेल्या मुलीला टेबलावरचं जनावर आपल्यातलंच वाटणार, आणि तसं वाटणं मोडून काढायची काही गरज नाही. ज्यांना काहीच वाटत नाही ते चांगले पॅथॉलॉजिस्ट होतात असं मी तरी पाहिलेलं नाही. तिसरी, चुकण्याची भीती. हिचा उपाय एकच, चुकायला जिथे परवानगी आहे तिथे, म्हणजे कॉलेजातच, चुकून घे. पण हॉलबाहेरही आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण सुटलं असेल, जगण्यात राम वाटत नसेल, तर ती पॅथॉलॉजीची अडचण नाही. कॉलेजातल्या विश्वासातल्या शिक्षकांशी बोल, नाहीतर १४४१६ वर टेली-मानसला फोन कर; मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आजीचं वाक्य मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. "आपल्या घरातल्या पोरीनं" यातला 'आपल्या' शब्द वासाबद्दल नाही, हे तुलाही कळतं. गावागावात मेलेलं जनावर ओढण्याचं आणि सोलण्याचं काम ठरावीक जातींवर लादलं गेलं आणि मग त्याच कामावरून त्यांना खालचं ठरवलं गेलं. आजी त्या गावात वाढली. तिच्याशी वाद घालून ती बदलणार नाही, पण तिचं वाक्य तुझ्या पोटातल्या मळमळीत किती मिसळलंय हे एकदा प्रामाणिकपणे तपास. हातमोजे घातलेल्या हातानं म्हैस उघडताना जी शरम वाटते ती तुझी की उसनी? तिला एकदा बुळकांडीबद्दल विचार. तिनं नाहीतर तिच्या आईनं तरी त्या रोगात गोठेच्या गोठे ओस पडलेले पाहिले असतील. भारतात शेवटचा उद्रेक १९९५ चा आणि २०११ मध्ये तो रोग जगातून संपल्याचं जाहीर झालं. लशीनं संपला हे खरं, पण कुठल्या गावात तो उरलाय आणि कुठे नाही, हे कुणीतरी मेलेल्या जनावरांची तोंडं आणि आतडी तपासूनच ठरवत होतं. आजीला या गोष्टीत रस वाटेल असं मला वाटतं. नाही वाटला तरी तिच्याकडून तुला चार गोष्टी कळतील.

आता सोडायचं का? सोडणं हा गुन्हा नाही आणि साडेपाच वर्षं रडत काढण्यात शौर्यही नाही. पण एका विषयावरून ठरवू नकोस. स्वतःला एवढंच विचार : जिवंत, तापलेल्या, हंबरणाऱ्या जनावरापुढे उभी असतानाही तुला पळावंसं वाटतं का? वाटत असेल तर पुन्हा पत्र लिही, तो वेगळा विचार आहे. वाटत नसेल तर राहा. पदवीनंतर पशुआहार, अनुवंशशास्त्र, पशुधन व्यवस्थापन, दुग्धव्यवसाय अशा कितीतरी वाटा आहेत जिथे सुरी क्वचितच लागते. आणि कुणी सांगावं, तूच एखाद्या दिवशी पॅथॉलॉजीत एमव्हीएस्सी, म्हणजे पदव्युत्तर पदवी, करशील. कुक्कुटपालनातल्या प्रयोगशाळांना, औषधांची सुरक्षितता तपासणाऱ्या कंपन्यांना, सरकारच्या रोगनिदान विभागांना अशी माणसं लागतातच. हा माझा आग्रह नाही. वर्गातल्या सगळ्यांनी पॅथॉलॉजिस्ट व्हायचं ठरवलं तर गायींचं बाळंतपण कोण करणार?

"कशीबशी काढून विसरून जावं" हा पर्याय मात्र मी तुला देणार नाही. तू पशुधन विकास अधिकारी झालीस, स्वतःचा दवाखाना टाकलास किंवा डेअरीत लागलीस, तरी कधीतरी शेतकरी कानातला बिल्ला आणि विम्याची पावसानं भिजलेली पॉलिसी घेऊन येईल. म्हैस गेली, हप्ते बाकी आहेत, शवविच्छेदनाचा दाखला हवाय. त्यावर सही तुझी. मरणाचं कारण चुकीचं किंवा मोघम लिहिलंस तर त्या घराचा दावा अडेल. न बघताच त्याला हवं ते लिहिलंस तर तू खोटी ठरशील आणि शेजारच्या गोठ्यात तोच रोग पोचेल. गाय डाव्या कुशीवर झोपवायची की उजव्या, हे त्या क्षणी पुस्तकात बघत बसता येत नाही. (डाव्या. कोठीपोट खाली राहतं, आतडी समोर येतात. घोडा उलटा.)

तेव्हा या सत्राला एवढंच कर : दर शवविच्छेदनाला एक अवयव तुझा, त्याचं मराठीत वर्णन, आणि सरांना एक तरी प्रश्न. वार्षिक परीक्षेनंतर, निकालाच्या आधी, सोडायचं की नाही हे पुन्हा ठरव. निकालाच्या आधी अशासाठी, की गुण बघून घेतलेला निर्णय गुणांचा असतो.

आणि रेबीजची लस घेतली आहेस ना? जनावर चावण्याआधी घ्यायची, प्रतिबंधक. पशुवैद्यकीयच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं ती घ्यायला हवी आणि पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावराच्या डोक्याजवळ ती घेतल्याशिवाय जायचंच नाही. गाभडलेल्या म्हशीचा वार काढताना कोपराच्या वरपर्यंतचे मोजे, कितीही घाई असो; ब्रुसेला हा गर्भपात घडवणारा जिवाणू हातावरच्या खरचटलेल्या जागेतूनही शिरतो आणि तो ताप महिनोन्महिने पाठ सोडत नाही. लस राहिली असेल तर याच आठवड्यात कॉलेजच्या ऑफिसात विचार, तारीख घे आणि वर्गातल्या बाकीच्यांनाही सोबत ने.